आधी रबर बघा, मग इंजिन : जुन्या मिआटाविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेली सगळी पत्रं एकाच गाडीची आहेत, म्हणून सदरही तिलाच देऊन टाकलं आहे : वर-खाली होणाऱ्या दिव्यांची, पहिल्या पिढीची माझ्दा एमएक्स-५. अमेरिकेत ती मिआटा, जपानात युनोस रोडस्टर. फेब्रुवारी १९८९मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात ती लोकांसमोर आली आणि १९९७पर्यंत बनत राहिली. अमेरिकेत १९९३पर्यंतच्या मॉडेलांना १६०० सीसीचं इंजिन होतं, १९९४पासून १८०० सीसीचं. आकडे जिथे वेगळे आहेत तिथे दोन्ही दिलेत. डावी-उजवी बाजू सगळीकडे गाडीत बसून पुढे बघताना धरली आहे.

या गाड्यांचं इंजिन दणकट आहे. आज जी दुखणी निघतात ती बहुतेक रबराची, आणि तीही पळून नव्हे तर उभं राहून राहून आलेली. खालची पत्रं वाचलीत तर लक्षात येईल की मोठ्या खर्चाचं निदान ऐकून आलेल्या अर्ध्याअधिक लोकांचं काम एखाद्या सीलवर भागणार आहे.

माझ्या १९९२च्या मिआटाचा क्लच एका रात्रीत गेला. सकाळी पेडल तळाला जाऊन बसलं, पहिला आणि रिव्हर्स टाकताना कर्रकर्र आवाज. गॅरेजवाला म्हणतो क्लच प्लेट संपली, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. — एडिसन, न्यू जर्सी

गिअरबॉक्स उतरवू देऊ नका. प्लेट झिजते तेव्हा क्लच घसरतो : अ‍ॅक्सिलरेटर दिला की इंजिनचे फेरे वाढतात, गाडीचा वेग मात्र वाढत नाही. तुमच्याकडे उलटं झालंय, क्लच सुटतच नाहीये. पेडल मऊ पडणं आणि गिअर न पडणं ही दोन लक्षणं एकत्र दिसली की पहिला संशय खालच्या स्लेव्ह सिलिंडरवर, म्हणजे पेडलकडून तेलातून आलेला दाब घेऊन क्लच सोडवणाऱ्या छोट्या सिलिंडरवर. या गाडीत तो इतक्या वेळा जातो की अनुभवी मालक डिकीत ब्रेक ऑइलची सीलबंद बाटली ठेवतात.

खात्री पाच मिनिटांत होते. बॉनेट उघडून क्लचच्या तेलाची टाकी बघा, ती ब्रेकच्या टाकीपेक्षा बरीच लहान असते. पातळी उतरलेली असेल आणि आतलं तेल चहासारखं काळपट असेल, तर पुढे जा. गाडी स्टँडवर घेऊन गिअरबॉक्सच्या उजव्या अंगाला असलेल्या स्लेव्हचं रबरी बूट बोटाने मागे सारा. आत ओल लागली की निकाल लागला. बूट कोरडं असेल आणि पेडलच्या दांड्यावरून आत, पायांशी तेल ओघळलं असेल, तर वरचा, पेडलजवळचा, तेलावर दाब देणारा मास्टर सिलिंडर गेलाय.

हे का होतं? क्लचमध्येही ब्रेक ऑइलच असतं, आणि ते हवेतलं पाणी ओढतं. स्लेव्ह हा त्या नळीतला सगळ्यात खालचा भाग, त्यामुळे घाण आणि पाणी तिथेच साचतं. गाडी महिनोन्‌महिने एका जागी राहिली की सिलिंडरच्या भिंतीला गंजाचे बारीक खड्डे पडतात. पुढच्या वेळी पेडल दाबलं की रबरी सीलची कड त्या खड्ड्यांवरून घासत जाते आणि फाटते. म्हणूनच नुसतं रबर किट टाकून भागत नाही. खड्डे तसेच राहिले तर नवं रबरही काही महिन्यांत जातं. पूर्ण स्लेव्ह बदला. मास्टरही तितकाच जुना असेल तर तोही सोबत घ्या. नव्या स्लेव्हचा दाब आला की जुना मास्टर लवकरच हात टेकतो.

स्लेव्ह दोन बोल्टांवर बसलेला असतो. आधी नळीचा नट सैल करा आणि मगच ते दोन बोल्ट काढा, नाहीतर सिलिंडर हातात फिरत राहतो आणि नट सुटत नाही. या नटाला साधा पाना लावू नका. फ्लेअर नट पाना लागतो, तो नटाला जवळजवळ सगळीकडून धरतो. साध्या पान्याने कोपरे गोल झाले की नळीच बदलायची वेळ येते. नवा स्लेव्ह बसवल्यावर हवा काढायला दोन माणसं लागतात. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने ब्लीड स्क्रू उघडून तेल आणि बुडबुडे बाहेर येऊ द्यायचे, स्क्रू बंद करायचा, आणि त्यानंतरच पहिल्याने पाय उचलायचा. टाकी छोटी आहे, चार-पाच वेळा दाबलं की बघा. ती एकदा कोरडी पडली की पुन्हा पहिल्यापासून. तेल डॉट ३ किंवा डॉट ४ चालेल. रंगावर सांडलं तर पुसत बसू नका, लगेच भरपूर पाणी ओता. हे तेल रंग सोलून काढतं.

पुढे दर दोन वर्षांनी हे तेल बदललंत तर हा प्रसंग सहसा परत येत नाही.

१९९१ची गाडी. सुरू केल्यावर वरून टिकटिक येते, गरम झाल्यावरही जात नाही. ओळखीचे एक जण म्हणतात, इंजिन ऑइलमध्ये अर्धा लिटर डिझेल टाकून दहा मिनिटं चालवा, टॅपेट साफ होतात. — मेलबर्न

डिझेल नको. अर्धा लिटर डिझेलने ऑइल इतकं पातळ होतं की बेअरिंगवरचा थर टिकत नाही, आणि वर्षानुवर्षं तळाशी बसलेला गाळ एकदम सुटून ऑइल पंपाच्या जाळीत जाऊन अडकतो. टिकटिक थांबवायला गेलात आणि कायमची धडधड घेऊन आलात, असं व्हायचं.

टॅपेट म्हणजे कॅमशाफ्ट आणि व्हॉल्व्ह यांच्यामधला छोटा भाग. या इंजिनात ते हायड्रॉलिक आहेत, प्रत्येक व्हॉल्व्हला एक, म्हणजे सोळा. आत ऑइलचा दाब असतो आणि त्यानेच फट भरून निघते. रात्रभर उभ्या गाडीत थोडं ऑइल निथळतं, म्हणून सकाळी काही सेकंद आवाज आला तर तो दोष मानू नका. गरम इंजिनवरही राहतो तेव्हा टॅपेटमध्ये हवा किंवा कचरा आहे.

आधी डिपस्टिक बघा. कमी ऑइलने आवाज येतो हे सगळ्यांना माहीत असतं. जास्त ऑइलनेही येतो हे कमी जणांना. पातळी वरच्या खुणेच्या वर गेली की क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो इंजिनच्या तळाचा मुख्य दांडा) ते घुसळतो, फेस होतो आणि हवा टॅपेटमध्ये शिरते. फिल्टरसकट १६०० सीसीला ३.६ लिटर लागतं, १८०० सीसीला ४ लिटर. गॅरेजमध्ये चार लिटरचा डबा सरसकट रिकामा करतात, तो १६००ला जास्त होतो. फिल्टर अँटी-ड्रेनबॅक व्हॉल्व्ह असलेलाच घ्या, म्हणजे आतलं ऑइल रात्री मागे ओघळत नाही. तो उजवीकडे, इनटेक मॅनिफोल्डच्या खाली दडलेला असतो. हात घालायला जागा अडचणीची, आणि मॅनिफोल्ड गरम असेल तर मनगट भाजतं. थंड गाडीवर करा.

नवं १०डब्ल्यू-३० ऑइल भरा आणि गाडी पूर्ण गरम करून अर्धा तास मोकळ्या रस्त्यावर तीन ते चार हजार फेऱ्यांवर पळवा. पुष्कळदा आवाज पहिल्याच फेरीत उतरतो. नाही उतरला तर हजारेक किलोमीटरनंतर पुन्हा एकदा ऑइल-फिल्टर बदला; महागड्या औषधी बाटल्यांपेक्षा ते बरं. तरीही एक-दोन टॅपेट बोलतच असतील तर कॅमशाफ्ट उतरवून ते बाहेर काढायचे, ऑइलच्या भांड्यात बुडवून दाबून हवा काढायची आणि ज्याचा त्याच जागी परत बसवायचे. दबतच राहिला तो बदला.

एक गोष्ट आधी वगळा. आवाज फक्त थंड इंजिनवर येत असेल आणि गरम झाल्यावर जात असेल, तर तो टॅपेटचा नसून एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून सुटणाऱ्या हवेचाही असू शकतो. धातू तापून फुगला की फट मिटते.

इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यातून ऑइल ठिबकतं. मागचं मेन सील गेलंय असं सांगितलं. — फ्रीमाँट, कॅलिफोर्निया

असेलही. मेन सील म्हणजे क्रँकच्या मागच्या टोकाचं सील. पण त्याआधी वर बघा. इंजिनच्या हेडच्या मागच्या टोकाला कॅम अँगल सेन्सर (कॅमशाफ्ट कुठे आहे ते कॉम्प्युटरला सांगणारा) आहे आणि त्याच्या मानेवर एक रबरी ओ-रिंग. तीस वर्षांच्या उष्णतेने ती चपटी आणि प्लॅस्टिकसारखी कडक होते. तिथून सुटलेलं ऑइल हेडच्या पाठीवरून ओघळत बेल हाउसिंगवर, म्हणजे गिअरबॉक्सच्या पुढच्या कवचावर, उतरतं आणि खालून बघणाऱ्याला वाटतं मेन सीलच गेलं. मेन सीलसाठी गिअरबॉक्स उतरतो. ओ-रिंग काही रुपयांची, तुमच्याकडे एक-दोन डॉलरची.

तपासायची पद्धत : इंजिनची मागची बाजू ब्रेक क्लीनरने स्वच्छ धुवा, वीसेक किलोमीटर चालवा आणि आरसा-टॉर्च घेऊन वरून बघा. सेन्सरच्या खाली ओल आहे आणि वर व्हॉल्व्ह कव्हरची कड कोरडी आहे, तर काम ओ-रिंगचंच.

सेन्सर आणि हेड यांच्यावर टोकदार वस्तूने एक सलग ओरखडा काढा, म्हणजे परत त्याच कोनात बसवता येईल. बॅटरीची निगेटिव्ह सोडवा, सेन्सरच्या वायरीचा प्लग काढा, १२ मिमीचा एकच बोल्ट काढा आणि सेन्सर हलवत-हलवत मागे ओढा. जागा इतकी कमी आहे की हे सगळं चाचपडत करावं लागतं. जुनी रिंग टोकरून काढा, नवी ऑइल लावून चढवा. आतल्या दांड्याचा खाचा मध्यावर नाही, एका अंगाला आहे. त्यामुळे सेन्सर एकाच बाजूने बसतो. बसत नसेल तर ठोकू नका, अर्धा फेरा फिरवा.

ओरखडा जुळला तरी टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, तपासा. इंजिन पूर्ण गरम, दिवे-पंखा बंद, बॉनेटखालच्या डायग्नोसिस लिहिलेल्या डबीत टीईएन आणि जीएनडी या दोन खाचा वायरच्या तुकड्याने जोडायच्या, आणि ८५० फेऱ्यांच्या आसपास टायमिंग लाइटने १० अंश दिसले पाहिजेत. कमी-जास्त असेल तर सेन्सरच किंचित फिरवायचा. वायर न जोडता बघितलंत तर इंजिनचा कॉम्प्युटर मध्ये लुडबुड करतो आणि आकडा खोटा येतो.

व्हॉल्व्ह कव्हरची गॅस्केट गळत असेल तर तीही याच वेळी घ्या. कव्हरचे बोल्ट फक्त ५ ते ९ न्यूटन-मीटर. जोर लावलात की अ‍ॅल्युमिनियमचे आटे जातात.

पावसाळी हवेत गाडी मिसिंग मारते, कोरड्यात ठीक. — लेस्टर

प्लगच्या वायरी. जुन्या वायरींच्या आवरणाला बारीक चिरा पडतात आणि ओलसर हवेत ठिणगी प्लगऐवजी हेडवर उडते. अंधारात इंजिन सुरू ठेवून बॉनेटखाली बघा, निळसर ठिणग्या डोळ्यांना दिसतात. चारही वायरी एकदम बदला. प्लग एनजीके बीकेआर५ई-११, फट १ ते १.१ मिमी. वायर उपसल्यावर प्लगच्या खोबणीत ऑइल साठलेलं दिसलं तर वरच्या व्हॉल्व्ह कव्हरच्या गॅस्केटकडे परत या. ती न बदलता नवी वायर घातलीत तर तिचं रबर ऑइलने फुगेल आणि पुन्हा हेच पत्र लिहाल.

एक दिवा वर येतो, एक येत नाही. — डॅलस

आधी बॉनेटखालच्या डबीतला ३० अँपिअरचा रिट्रॅक्टर फ्यूज, म्हणजे दिवे वर-खाली करणाऱ्या मोटरींचा फ्यूज, बघा. तो ठीक असेल तर त्या दिव्याच्या मोटरवर रबरी टोपी असते, तिच्याखालचा गोल खुंटा हाताने फिरवून दिवा वर करता येतो. रात्री घरी पोचण्यापुरतं हे पुरतं. फ्यूज काढल्याशिवाय खुंट्याला हात लावू नका. मोटर अचानक फिरली तर बोटं सापडतात.

पाऊस पडला की प्रवाशाच्या पायांशी पाणी साचतं. छप्पर गेल्या वर्षीच नवं टाकलंय, मग पाणी कुठून? — अटलांटा

हे दुखणं नीट समजून घ्या. दुर्लक्षाने मिआटा मरते ती याच एका कारणाने.

कापडी छप्पर पाणी अडवत नाही, ते वाट दाखवतं. मागच्या काचेच्या खालच्या कडेला, सीटांच्या पाठीमागे, एक पन्हळ आहे. छपरावरून आलेलं पाणी त्या पन्हळीतून दोन्ही कोपऱ्यांकडे जातं, तिथे सीट बेल्टच्या खांबामागे असलेल्या भोकात उतरतं आणि नळीवाटे मागच्या चाकांच्या जरा पुढे गाडीखाली पडतं. झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत ही भोकं पानं, पाइनच्या सुया आणि माती यांनी बुजतात. मग पाणी दोन ठिकाणी जातं. काही काठावरून सीटमागच्या गालिच्यावर, तिथून उतारावरून पायांपर्यंत. ते दिसतं तरी. बाकीचं दारांखालच्या पोकळ सिलमध्ये शिरून तिथेच राहतं आणि पत्रा आतून खातं. बाहेरून रंग चकचकीत, आणि एक दिवस मागच्या चाकापुढचा कोपरा बोटाने दाबला की पापुद्रा आत जातो. नवं छप्पर घालून हा प्रश्न सुटत नाही, कारण छप्पर बदलणारे पन्हळ क्वचितच साफ करतात. उलट पन्हळीची पट्टी बसवताना चिरली किंवा तिच्याखालचे नट कमी-जास्त आवळले, तर नव्या छपरासोबत नवी गळतीही येते.

चाचणी अशी : छप्पर लावलेलं, गाडी सपाट जागी. एका बाजूला पन्हळीच्या कोपऱ्यात लिटरभर पाणी हळूहळू ओता आणि दुसऱ्या माणसाला गाडीखाली बघायला सांगा. धार लगेच आणि सलग पडली पाहिजे. थेंब-थेंब पडतंय किंवा काहीच नाही, म्हणजे नळी बुजली आहे. दोन्ही बाजू स्वतंत्र तपासा. एक साफ असली म्हणून दुसरी असेल असं नाही.

साफ करायला गवत कापायच्या यंत्राची जाड नायलॉन दोरी उत्तम. टोक मेणबत्तीवर धरून गोल करा म्हणजे ते नळीला टोचणार नाही, आणि वरून हळूहळू फिरवत घाला. अडलं की मागे घ्या, थोडं पाणी सोडा, पुन्हा घाला. गाडीखालून दुसरं टोकही मोकळं करा. कॉम्प्रेसरची हवा मारू नका. जोरात मारलेल्या हवेने नळी वरच्या तोंडापासून निखळते, आणि मग सगळं पाणी थेट सिलमध्ये. हे काम वर्षातून दोनदा, पानगळीनंतर एकदा नक्की.

भिजलेला गालिचा वरून सुकला म्हणून समाधान मानू नका. त्याच्याखाली जाड फोम आहे आणि तो आठवडेच्या आठवडे पाणी धरून ठेवतो. सीट काढा (चार बोल्ट), गालिचा उचला, फोमखाली हवा जाऊ द्या. तुमच्या बाबतीत घाईचं आणखी एक कारण आहे : अमेरिकेतल्या या गाड्यांमध्ये इंजिनचा कॉम्प्युटर प्रवाशाच्या पायांपाशी, गालिच्यामागच्या पत्र्याआड बसवलेला आहे.

नळ्या मोकळ्या असूनही पायांशीच पाणी येत असेल, मागे गालिचा कोरडा असेल, तर पुढच्या काचेच्या खांबावरचं रबर आणि छप्पर पुढे अडकवणारे कडे बघा. रबर दबून चपटं झालं असेल तर कडे थोडे आवळून चालतं; चिरलं असेल तर बदला.

१९९०ची गाडी विकत घेतोय. 'शॉर्ट नोज क्रँक असेल तर घेऊ नको' असं मित्र सांगतो. म्हणजे नेमकं काय? — सिएटल

पहिल्या दीड-दोन वर्षांतल्या इंजिनांमध्ये क्रँकचं पुढचं टोक आखूड होतं. त्यावर टायमिंगची पुली एका छोट्या चावीवर (पुली घसरू नये म्हणून खाचेत बसवलेला धातूचा तुकडा) आणि मधल्या मोठ्या बोल्टवर बसते. हा बोल्ट पूर्वी कधी सैल किंवा कमी जोराने आवळला गेला असेल, तर चावी खाचेत खडखडते आणि खाच रुंदावत जाते. मग पुली डुगडुगते, टायमिंग सरकतं, गाडीची ताकद उतरते आणि शेवटी क्रँक निकामी होतो. पुढे माझ्दाने टोक लांब केलं आणि हा दोष गेला.

ओळखायचं कसं? क्रँकच्या पुलीवर पुढून दिसणाऱ्या खाचा मोजा. चार असतील तर आखूड, आठ असतील तर लांब. इंजिन बदललेलं असू शकतं, म्हणून कागदावरच्या वर्षापेक्षा खाचांवर भरवसा ठेवा. इंजिन चालू असताना पुली डुलते का बघा आणि टायमिंग लाइट लावा. खूण एका जागी स्थिर राहिली पाहिजे, मागेपुढे नाचता कामा नये.

आखूड टोक आहे एवढ्यावरून गाडी नाकारू नका. इतकी वर्षं ज्यांचा बोल्ट कोणी बिघडवला नाही ती इंजिनं आजही चालू आहेत. तो मधला बोल्ट जेव्हा केव्हा निघेल तेव्हा मात्र चावी आणि बोल्ट दोन्ही नवे, आणि टॉर्क पान्यानेच १०८ ते ११८ न्यूटन-मीटर. लांब टोकाच्या इंजिनाला १५७ ते १६७. दोन आकड्यांची अदलाबदल झाली तर आखूड टोकाच्या क्रँकची वाट लागते. खाच थोडीच रुंदावली असेल तर लॉकटाइट ६६० (धातूंमधली फट भरून घट्ट होणारा गोंद) भरून ती सावरण्याचा उपाय मालकमंडळींत प्रचलित आहे. व्यवस्थित केला तर टिकतो, पण तसं केलेली गाडी पूर्ण किमतीला घेऊ नये.

टायमिंग बेल्ट, म्हणजे क्रँकच्या जोरावर कॅमशाफ्ट फिरवणारा पट्टा, कधी बदलला त्याची पावती मागा. बदलायची वेळ ६०,००० मैलांवर. या पिढीच्या इंजिनात बेल्ट तुटला तरी पिस्टन व्हॉल्व्हला भिडत नाहीत, गाडी नुसती बंद पडते. या निर्धास्तपणामुळेच कित्येक गाड्या वीस-वीस वर्षं जुन्या बेल्टवर फिरताहेत. बेल्ट बदलताना दोन कॅम सील, क्रँकचं पुढचं सील आणि पाण्याचा पंप बदलून घ्या. पंप फिरतो बाहेरच्या पट्ट्यावर, पण तो काढायला टायमिंग बेल्ट उतरवावाच लागतो. बसवल्यावर दोन्ही कॅम पुलींवरच्या आय आणि ई या खुणांमध्ये बेल्टचे १९ दाते मोजा. त्यानंतर क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून पुन्हा मोजा.

आणि रेडिएटर बघा. वरची टाकी प्लॅस्टिकची, मुळात काळी. ती हिरवट-तपकिरी दिसायला लागली की प्लॅस्टिक ठिसूळ झालंय, कधीही चिरेल. तपकिरी टाकी दिसली तर नव्या रेडिएटरचे पैसे किमतीतून कापून मागा.

हातब्रेक पूर्ण वर ओढला तरी गाडी उतारावर सरकते. केबल आवळली तर मागची चाकं गरम होतात. — ऑकलंड

केबल आवळणं ही चूक सार्वत्रिक आहे. केबल ताणली की कॅलिपरवरचा (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागावरचा) खटका पूर्ण मागे जात नाही, पॅड सतत डिस्कला टेकून राहतात आणि म्हणून चाकं तापतात. केबल परत सैल करा.

जुळवायचं असतं ते कॅलिपरमध्ये. पुढच्या चाकांना ठोकळे, हातब्रेक सोडलेला, मागची बाजू स्टँडवर, चाकं काढलेली. कॅलिपरच्या पाठीवर १४ मिमीचा एक बोल्ट दिसतो, ते खरं म्हणजे झाकण आहे. ते काढलं की आत ४ मिमीची अ‍ॅलन की बसते. घड्याळाच्या दिशेने फिरवत राहा. पॅड डिस्कला घट्ट धरतील आणि डिस्क फिरायची थांबेल. तिथून एक तृतीयांश फेरा मागे. डिस्क हाताने फिरली पाहिजे, किंचित घासली तरी चालेल. झाकण लावा, दुसरी बाजू करा आणि मगच आतल्या दांड्याशी केबल अशी जुळवा की पाच ते सात टकटकींत ब्रेक धरेल.

डिस्क एका बाजूने जास्त झिजली असेल तर कॅलिपरच्या सरक-पिना गंजल्या आहेत. त्या काढून घासा आणि ब्रेकसाठीचंच सिलिकोन ग्रीस लावा, साधं ग्रीस रबराला फुगवतं. नवे पॅड घालताना मागचा पिस्टन क्लँपने दाबू नका. तो त्याच अ‍ॅलन कीने उलट फिरवून आत जातो.

टायरमध्ये हवा किती? पंपवाला ३५ भरतो. — ह्यूस्टन

मूळ १८५/६० आर १४ टायरला चारही चाकांत २६ पीएसआय, थंड असताना. गाडी हलकी आहे. ३५वर ती खड्ड्याखड्ड्याला उसळते आणि ओल्या वळणावर पकड सोडते. टायरवरच्या अंकांतले शेवटचे चार बघा : २३१५ म्हणजे २०१५ सालचा तेविसावा आठवडा. कमी चालणाऱ्या गाडीत नक्षी शाबूत असते आणि रबर दगड झालेलं असतं. दहा वर्षांपुढचे टायर नक्षी न बघता काढा.

पाच महिने बर्फात गाडी गॅरेजमध्ये असते. दर रविवारी दहा मिनिटं सुरू करतो, बरोबर ना? — टोरांटो

ते बंद करा. दहा मिनिटांत इंजिन आतून पुरतं तापत नाही. ज्वलनातून निघालेलं पाणी सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्ये राहतं, ते उडून जाण्याइतकी उष्णता मिळतच नाही. एकदा नीट ठेवा आणि वसंतापर्यंत हात लावू नका.

ठेवण्याआधी ऑइल-फिल्टर बदला, जुन्या ऑइलमधली आम्लं बेअरिंगशी हिवाळाभर नकोत. टाकी काठोकाठ भरा, पेट्रोल टिकवणारं औषध बाटलीवरच्या मापाने टाका आणि ते इंजिनपर्यंत पोचेल इतकी गाडी चालवा. कूलंट निम्मं-निम्मं आहे का तपासा. सगळं मिळून ६ लिटर. टायर मात्र या काळापुरते ३५पर्यंत फुगवा. हातब्रेक ओढू नका, पॅड डिस्कला चिकटतात. गिअरमध्ये ठेवून चाकांना ठोकळे लावा. छप्पर लावलेलंच राहू द्या. थंडीत ते दुमडलंत तर मागची प्लॅस्टिकची काच तडकते. एरवीही छप्पर खाली करण्याआधी त्या काचेची चेन उघडून ती सपाट पसरायची असते, हे नव्या मालकांना कोणी सांगत नाही.

बॅटरी डिकीत आहे, उजव्या कोपऱ्यात, म्हणून ती सीलबंद एजीएम प्रकारची आणि वायू बाहेर नेणारी नळी जोडता येईल अशीच हवी. साधी आम्लाची बॅटरी स्वस्त पडते, पण तिच्या वाफेने डिकीचा पत्रा खाल्ला जातो. हिवाळ्यात तिला एजीएमसाठीचा मेंटेनर जोडून ठेवा.

नोकरी संपवून पुण्याला परततोय. सोबत १९९४ची मिआटा आणता येईल का? — सॅन होजे

नाही. भारतात वापरलेली गाडी आणायची तर ती तयार झाल्यापासून तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही आणि स्टिअरिंग उजवीकडे असावं लागतं. तुमची दोन्हींत बसत नाही. जपानी युनोस आणली तर स्टिअरिंगचा प्रश्न सुटतो, वयाचा नाही. पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांना २०२१पासून 'व्हीए' मालिकेचा वेगळा नोंदणी क्रमांक मिळतो, पण १९९४ची गाडी त्या वयाला पोचायला अजून बराच अवकाश आहे. शिवाय तशा गाड्या रोजच्या वापरासाठी नसतात.

तिथेच विका. ऑक्टोबरपेक्षा एप्रिलमध्ये गिऱ्हाईक जास्त, हे उघड्या गाडीचं गणित. टायमिंग बेल्ट, क्लच सिलिंडर आणि छप्पर यांच्या पावत्या तारखेसकट एका पाकिटात घाला. सिलचे खालून स्वच्छ फोटो काढा आणि नळ्यांतून पाणी पडतानाची छोटी चित्रफीत जाहिरातीत जोडा. जाणकार गिऱ्हाईक पहिला प्रश्न त्याबद्दलच विचारतं.